चुरगळून बघितलेलं पिल्लू

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. बेचाळीस वर्षं त्यांनी कात्री चालवली, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे लग्नातले कोट त्यांच्या हाताखालून गेले. गळ्यात टेप असायची ती नुसती रीत म्हणून. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या खांद्याचं माप मास्तरांना कळलेलं असायचं, आणि बरेचदा स्वभावाचंही. असा माणूस अकरा आठवडे खिडकीजवळच्या खुर्चीत नुसता बसून होता, आणि त्यापायी त्यांच्या सुनेच्या जिवाला घोर लागला होता.

तसं बघितलं तर मास्तर आधी एकदा सावरले होते. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. मनात वाक्य तयार असायचं, पण ओठांपर्यंत येईतो त्याचे टाके उसवायचे. एकच शब्द धडधाकट राहिला होता, तो म्हणजे 'गाढवा'. तो मात्र पूर्वीसारखाच खणखणीत निघायचा, आणि मुलगा, सून, डॉक्टर, टपालवाला, कुणालाही सारखाच लागू व्हायचा. त्या वेळी त्यांना उभं केलं ते गुंडीने. गुंडी ही त्यांची म्हातारी कुत्री. तिला सकाळ-संध्याकाळ बाहेर जावंच लागे, आणि मास्तरांशिवाय ती दुसऱ्या कुणाबरोबर जात नसे. मग करतात काय, वॉकर ठोकत ठोकत निघायचे बिचारे. ती त्यांच्या चालीने चालायची, ते थांबले की थांबायची. पुढे गुंडी वयानं गेली, आणि तिच्याबरोबर मास्तरांचं बाहेर पडणंही गेलं.

व्यायाम करून घ्यायला येणारी डॉक्टरीण तोंडाची फटकळ होती. तिने सुनेला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगून टाकलं, "पायात अजून जीव आहे. पण आणखी सहा महिने असाच ठेवला तर राहणार नाही. मग खुर्ची ती कायमची. त्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत रोज जाऊन यायचं, एवढंच माझं औषध. ते कसं पाजायचं ते तुमचं तुम्ही बघा."

पाजायला सगळ्यांनी बघितलं. मुलाने समजावलं, शेजाऱ्यांनी गळ घातली, सुनेने तर एकदा रडूनही दाखवलं. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी एका संध्याकाळी सून म्हणाली, "पिल्लू आणू या."

"न... नको," मास्तर म्हणाले.

"आणू याच."

नवऱ्याला हसू आवरेना. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने कामाला होता आणि घरी असला की चेष्टा करणं हाच त्याचा विरंगुळा. "अगं, तुला कुत्र्यातलं काय कळतं? नवी नवरी होतीस तेव्हा गुंडीला भिऊन वर्षभर मागच्या दाराने ये-जा करत होतीस!"

"मला दोष कळतो," सून म्हणाली.

आणि ते खोटं नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात ती तेरा वर्षं चेकिंगला होती. शर्ट उलटा करायचा, शिवण ताणायची, काजातून नख फिरवायचं, उजेडाकडे धरून सुटलेला टाका शोधायचा, आणि पास तरी म्हणायचं नाहीतर बाजूला तरी फेकायचं. तिच्या हातून निसटलेला सदोष शर्ट दुकानात पोचलाय असं तेरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. ओढणारं पिल्लू आलं तर मास्तर तोंडावर आपटणार. भित्रं आलं तर वॉकर बघून पलंगाखाली जाऊन बसणार. दोन्हीकडून खुर्ची पक्की. तेव्हा पिल्लू यायचं तर निर्दोष यायला हवं, आणि निर्दोष माल शोधायचा तिच्याइतका हातखंडा घरात दुसऱ्या कुणाचा होता?

दोन गल्ल्या सोडून एक बेकरी होती. बेकरीची मालकीण भट्टीमावशी. साठीची, हाताने दणकट, भुवयांवर कायम मैदा. तिच्या तपकिरी कुत्रीला पाच पिल्लं झाली होती आणि ती भट्टीमागच्या उबदार कोठीत, मैद्याच्या पोत्यांच्या आडोशाला, फळ्यांच्या कुंपणात वाढत होती. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली. बाप कोण हे आईलाच ठाऊक, पण आईकडे बघून माणसाला बरं वाटे. सुटीच्या दिवशी सून तिथे गेली तेव्हा कुत्रीने उठून तिचा हात हुंगला, पायाभोवती एक फेरी मारली आणि जागेवर जाऊन आडवी झाली.

"आई बघून घेतलीस ना? आता पोरांकडे वळ," भट्टीमावशी म्हणाली. "पण माझी एक पद्धत आहे. तीनदा यायचं. एकदा ती भुकेली असताना, एकदा खेळून दमल्यावर आणि एकदा झोपेतून उठल्यावर. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण त्यासाठी पाळण्यापाशी तीनदा वाकावं लागतं. आणि तिसऱ्या खेपेला, ज्याचं कुत्रं होणार आहे त्याने स्वतः यायचं. त्याला बघितल्याशिवाय मी पिल्लू देत नाही."

सून जमिनीवर बसली. बसल्याबरोबर लाल लोकरीचा पठ्ठ्या धावत आला आणि तिच्या बुटाची नाडी दातात धरून गुरगुरत मागे ओढू लागला.

"अय्या, बघा! पिल्लूच माणसाला निवडतं म्हणतात, तसं यानेच मला निवडलं की!"

"त्याने तुला नाही, नाडीला निवडलं. काल टपालवाल्याला निवडलं होतं, परवा गॅसवाल्याला." भट्टीमावशीने लालला मानेला धरून बाजूला केलं. "सगळ्यात आधी येतो तो सगळ्यात धीट. त्याला तुझ्यावर प्रेम आहे असं नाही. गुरं राखणाऱ्याने न्यावा असा गडी आहे हा."

मग सुनेने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं, आणि भट्टीमावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सुनेने एकेक पिल्लू उचललं. डोळ्यांच्या कडा बघितल्या, कान उलटे करून वास घेतला, ओठ वर करून हिरड्या गुलाबी आहेत ना ते पाहिलं, शेपटीखाली स्वच्छ आहे ना तेही. पोटावरून अंगठा फिरवताना पिवळ्या लोकरीच्या पिल्लापाशी तिचा हात थांबला.

"हिच्या बेंबीपाशी गाठ आहे. दाबली की आत जाते."

भट्टीमावशीच्या भुवया मैद्यासकट वर गेल्या. "जनावरांच्या डॉक्टरला ती दुसऱ्या तपासणीत सापडली! बारीकशी शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाला, मग तोच ठेवून घेणार आहे तिला. काय गं, तू करतेस तरी काय?"

"शर्ट तपासते."

"मग माझे पावही तपासून जात जा," भट्टीमावशी म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

पांढरं पिल्लू शाळेच्या रखवालदाराला आधीच कबूल झालं होतं. पिवळी डॉक्टरकडे, लाल बाद. उरले दोन. निळ्या लोकरीचा कुत्रा आणि हिरव्या लोकरीची कुत्री. दोघं गुटगुटीत, दोघं स्वच्छ. सुनेने कारखान्यातली वही काढली आणि दोघांपुढे प्रश्नचिन्ह लिहिलं.

दुसऱ्या खेपेला ती खेळाच्या वेळेनंतर गेली आणि जाताना मास्तरांचा जुना लोखंडी वॉकर घेऊन गेली. पिल्लं दमून, जिभा काढून पसरली होती. सुनेने वॉकर वर उचलला आणि फरशीवर सोडून दिला.

काय तो आवाज! कुत्री उठून बसली, पांढरा केकाटला, पिवळी आईच्या पोटाखाली शिरली, लाल आधी मागे उडाला आणि मग भुंकायला लागला. हिरवी तर अशी पळाली की पावाच्या रॅकखाली घुसून तिचं शेपटीचं टोकच तेवढं बाहेर राहिलं. आणि निळा? निळा भिंतीकडे तोंड करून पोत्याचा कोपरा चघळत होता, तो चघळतच राहिला. कान हलला नाही, मान वळली नाही. सुनेने वॉकर दुसऱ्यांदा पाडला. निळ्याचं आपलं पोतं चालूच.

सुनेचा ऊर भरून आला. एवढंसं पिल्लू आणि केवढी ती शांती! असंच तर हवं होतं. मास्तरांचा वॉकर पडो, काठी पडो, डावा हात ताटावर आपटो, हा हलणार नाही. तिने पुढचं काही बघितलंच नाही. वॉकर काखेत मारला, वहीत हिरवीपुढे फुली मारली, निळ्यापुढे मोठ्ठं बरोबर काढलं आणि तरंगतच घरी गेली. एकदा दोष दिसला नाही की माल पास, आणि पास झालेल्या मालाकडे पुन्हा वळून बघायचं नाही, ही तिची तेरा वर्षांची सवय.

घरी येऊन तिने मास्तरांपुढे सगळं रंगवून सांगितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "आणि बाबा, वॉकर पाडला ना मी, तर हे एवढाले सगळे दाही दिशांना! आणि निळा ढिम्म! कानसुद्धा हलवला नाही त्याने. मी दोनदा पाडला."

मास्तरांची मान हळूहळू खिडकीकडून वळली. कितीतरी दिवसांत ते असे कुणाकडे वळले नव्हते.

"द... दचकला नाही?"

"मुळीच नाही!"

"जरा... पण?"

"जरासुद्धा नाही हो बाबा."

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कापडाच्या दुकानात विक्रेता शपथेवर काही सांगू लागला की पडायच्या तशा. त्यांनी तोंड उघडलं, शब्द आला नाही, पुन्हा उघडलं.

"गाढवा!" ते कडाडले. "बूट... बूट आण."

सुनेला आनंदाने काय करू न काय नको असं झालं. तिला वाटलं, पिल्लाच्या ओढीने उठले. नवरा दारातून पुटपुटला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ते पिल्लू बघायला नाही निघाले, तुझी चूक काढायला निघालेत." पण आदल्याच दिवशी हजार वेळा बूट पुढे केले तरी ज्यांनी पाय हलवला नव्हता, ते आज स्वतःहून बूट मागत होते. मग चूक काढायला का होईना!

"अहो, पण तिसरी भेट झोपेतून उठल्यावरची आहे. उद्या दुपारी जायचं," सून म्हणाली.

मास्तर रात्रभर बूट पलंगाशेजारी ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांना गाडीने बेकरीच्या दारापर्यंत नेलं. दारापासून कोठीपर्यंत वीस पावलं. ती मास्तरांनी वॉकर ठोकत, दर पाच पावलांना थांबत, घामाघूम होऊन टाकली. सून मागे दोन्ही हात पसरून, आता पडतात की मग पडतात अशा धास्तीने चालत होती. अकरा आठवडे वापरात नसलेला डावा पाय फरशीवरून घासत येत होता. भट्टीमावशीने खुर्ची दिली, मास्तरांना नखशिखान्त न्याहाळलं, आणि म्हणाली, "मास्तर, माझ्या थोरल्याचा कोट तुम्हीच शिवला होता. तो सुटला, पण कोटाची शिवण सुटली नाही."

मास्तर गालातल्या गालात हसले. मग त्यांनी पिल्लांकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. माप घेतानाचा तो चेहरा सुनेने लग्न होऊन आली तेव्हा पाहिला होता. इकडचं तिकडचं सगळं पुसून जायचं आणि नजर एका जागी टोचून ठेवल्यासारखी व्हायची. पिल्लं नुकतीच उठली होती, आळस देत होती, एकमेकांवर सांडत होती. मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर पाव भाजायचा रिकामा ट्रे होता. त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटाने तो काठाकडे सरकवला, सरकवला, आणि ढकलून दिला.

ट्रे दणाणला. पुन्हा तीच पळापळ, हिरवी पुन्हा रॅकखाली. निळा पाठमोरा बसून पायाचा पंजा चाटत होता, तो चाटत राहिला.

"बघितलंत? सांगत नव्हते मी?" सून म्हणाली.

मास्तरांनी बोट वर केलं. थांब.

सगळे थांबले. भट्टीतली धग सोडली तर कोठीत काही हलत नव्हतं. एवढ्यात रॅकखालून एक नाक बाहेर आलं. मग दोन डोळे, मग हिरवी लोकर. हिरवीने पोट जमिनीला लावून दोन पावलं टाकली, थांबली, मान वाकडी करून ट्रेकडे बघितलं. पुन्हा दोन पावलं. ट्रेपाशी येऊन तिने तो हुंगला, पंजाने हलकेच ढकलून पाहिला, आणि तो काही करत नाही अशी खात्री पटल्यावर सरळ आत शिरून तळाला लागलेले पावाचे कण चाटायला लागली. बाकीची तिन्ही अजून लांबच होती. लाल लांबून भुंकत होता.

सून बघतच राहिली. काल ती एवढा वेळ थांबलीच नव्हती.

मग मास्तरांनी निळ्याच्या पाठीमागे खुर्चीतून वाकून, अगदी त्याच्या कानाजवळ, स्वतःच्या पोटरीवर जोरात चापट मारली. निळा हलला नाही. त्यांनी जीभ वाजवली. नाही. भट्टीमावशीचा हसरा चेहरा उतरला. ती पुढे आली आणि खाली वाकून तिने दोन्ही हातांनी टाळी वाजवली, एकदा, दोनदा. नाही. तिने निळा ज्या फळीवर बसला होता त्या फळीवर पायाने थाप मारली, आणि निळा गर्रकन वळून, शेपटी हलवत, तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

"अरे देवा," भट्टीमावशी म्हणाली, "याला ऐकूच येत नाही."

ती पोत्यावर बसली. "सात आठवडे माझ्या डोळ्यांसमोर आहे. इथे दिवसभर ट्रे आपटतात, पीठ मळायचं यंत्र खडखडतं, पिल्लं आवाजाला सरावली असं वाटायचं. आणि हा नेहमी सगळ्यांच्या मागून उठायचा. मी म्हणायचे, आमचा आळशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तिने निळ्याला उचलून मांडीवर घेतलं आणि मैद्याच्या हातानेच डोळे पुसले.

सुनेला स्वतःचीच लाज वाटत होती. तेरा वर्षांचा तिचा तोरा आणि निवडलं काय, तर ज्याला आवाजच पोचत नाही त्याला धीट म्हणून! मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. 'गाढवा' येणार म्हणून तिने मान खाली घातली. पण मास्तरांनी खिशातून आपला सुती रुमाल काढला, उजव्या मुठीत गच्च चुरगाळला आणि मूठ तिच्यापुढे धरली.

"क... कापड," ते म्हणाले. "असं बघतात."

त्यांनी मूठ उघडली. रुमाल चुरगळलेलाच होता, पण तळहातावर तो हळूहळू फुलत गेला, एकेक घडी मोकळी होत गेली. मास्तर त्याच्याकडे असे बघत होते की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतायत.

"चुरगळतं... सगळं. चांगलं पण." दम घेतला. "उघडतं कसं... ते बघ." मग तिच्या गळ्यातल्या नायलॉनच्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाले, "ते... चुरगळतच नाही. त्याला... कळतच नाही."

एवढं लांब बोलणं दीड वर्षात त्यांनी केलं नव्हतं. मुलगा दारात उभा होता, तो चेष्टा करायचं विसरला. आणि सुनेच्या मनात आलं की या माणसाच्या डोक्यात केवढं काय काय घडी घालून ठेवलेलं आहे, आणि आपण दीड वर्ष त्यांच्याशी 'बाबा, भात मऊ झालाय ना' एवढंच बोलत आलो. तिला त्यांचा अभिमान वाटला.

पण ती बाईमाणूस मायाळू. निळ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "बाबा, मग यालाच न्यायचं का? बिचारा. तुम्हाला बोलता येत नाही, त्याला ऐकू येत नाही, दोघांचं जमेल."

"गाढवा!" हा मात्र खणखणीत आला. "रस्ता! गाडी आली तर... मी ओरडू शकत नाही, हा... ऐकू शकत नाही. दोघं... गाडीखाली."

"खरंय मास्तरांचं," भट्टीमावशी म्हणाली. "आणि त्याला बिचारा म्हणू नकोस गं, खातोय-पितोय मस्त. हा कुठे जात नाही. माझ्याजवळच राहील, आईबरोबर. हाताच्या खुणा शिकवीन मी त्याला. नाहीतरी या खडखडाटाने मलाच वेड लागायची पाळी आलीय. घरात एकाला तरी शांतता असू दे."

तोवर हिरवी ट्रे साफ करून मास्तरांच्या बुटापाशी आली होती. मास्तरांचा डावा हात मांडीवर थरथरत होता, तो एकदम घसरला आणि तिच्या पाठीवर पडला. हिरवी दचकली, चार पावलं मागे गेली. मग ती परत आली, त्या थरथरत्या हाताचा वास घेतला आणि हनुवटी बुटावर टेकवून बसली. सुनेने वही काढली, हिरवीपुढची फुली खोडली, आणि निळ्यापुढचं बरोबर खोडताना मात्र तिचा हात जड झाला.

लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर न्यायचं नव्हतं. दोन महिने मास्तर घरातल्या घरात, बैठकीपासून मागच्या अंगणापर्यंत, हिरवीच्या मागे वॉकर ठोकत फिरले. तिचं नाव हिरवीच पडलं, लोकर काढली तरी. तिने चपला खाल्ल्या, उशी फाडली, मुलाचा चष्मा चावला. वॉकर पडला की पळायची आणि परत यायची. होता होता पळणं दोन हातांवर आलं. मास्तरांची पावलं वीसची चाळीस झाली, पण अंगणाच्या दाराबाहेर पडायचं म्हटलं की ते मान फिरवायचे. रस्त्यावर पडलो तर लोक बघतील, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. सुनेला ते कळत होतं.

लसी झाल्या. पहिले काही दिवस सून दोन हात पसरून मागून चालली. तिसऱ्या घरापर्यंत जायचे आणि वळायचे. खांब लांबच राहायचा. एका सकाळी मास्तर दारातच थांबले, तिच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी."

"बाबा, एकटे?"

"घ... घरी!"

ती फाटकाशी उभी राहिली. मास्तर निघाले, उजव्या हातात वॉकरच्या दांड्याबरोबर हिरवीचा पट्टा. तिसरं घर मागे पडलं. चौथं. आणि पाचव्या घरासमोर, जिथे फरशी जरा वर आलेली होती तिथे, वॉकरचा पाय अडकला. वॉकर धाडकन रस्त्यावर आडवा झाला आणि मास्तर पदपथावर बदकन बसले. हिरवी पट्टा ओढत उधळली आणि उभ्या असलेल्या गाडीखाली दिसेनाशी झाली.

सून धावत सुटली. दहा-बारा पावलं गेली असेल, तेवढ्यात मास्तरांनी तिला पाहिलं आणि बसल्या बसल्या एक बोट वर केलं.

ती थांबली. पाय थांबले, पण जीव थांबत नव्हता. समोरच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती, सायकलवाला उतरून उभा राहिला होता. सुनेने त्यालाही हाताने थांबवलं. आणि तिथे उभं राहून तिला भडभडून आलं, कारण तिच्या लक्षात आलं की दीड वर्ष हा माणूस जरा कुठे डगमगला की आपण सगळे धावतो, धरतो, उचलतो, बसवतो. मूठ उघडून बघितलीच नाही कुणी.

गाडीखालून एक नाक बाहेर आलं. हिरवी पोट घासत आली, वॉकर हुंगला, पंजाने हलवून पाहिला, आणि मग मास्तरांकडे जाऊन त्यांच्या थरथरत्या हाताखाली डोकं घातलं. मास्तरांनी तिला जरा वेळ तसंच राहू दिलं. मग वॉकर जवळ ओढला, उभा केला, उजवा गुडघा रोवला. एकदा उठले आणि बसले. दुसऱ्यांदा उठले आणि बसले. तिसऱ्यांदा उठले ते उभेच राहिले. विजार झटकली, पट्टा हातात घेतला.

आता वळतील, सुनेला वाटलं. मास्तरांनी घराकडे बघितलं, खांबाकडे बघितलं आणि खांबाकडे चालू लागले. हिरवी त्यांच्या चालीने चालत होती, ते थांबले की थांबत होती. खांबापाशी पोचल्यावर, कोट बरोबर बसला की गिऱ्हाइकाच्या खांद्यावर मारायचे तशी थाप त्यांनी खांबावर मारली. मग सावकाश वळले आणि रडत-हसत रस्त्यात उभ्या असलेल्या सुनेला लांबूनच ओरडून म्हणाले, "गाढवा! उभी काय राहिलीस? चहा टाक!"

एकही शब्द अडखळला नव्हता. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सून चहा टाकायला घरात पळाली.